जुना ट्रक चढाला दम टाकतो: पंपाला हात लावण्याआधी काय काय तपासायचं

कसारा किंवा खंबाटकीचा चढ जी गाडी भरलेली असताना एका गिअरवर निवांत काढायची, तीच आता त्याच मालाला एक गिअर खाली येऊन रडत चढू लागली, की गॅरेजमध्ये पहिला संशय डिझेलच्या इंजेक्शन पंपावर जातो. 'टायमिंग गेलं असणार, पंप उतरवा.' (टायमिंग म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल नेमकं कधी सुटतं ते, क्रँकच्या अंशांत मोजलेलं.) पंप उतरतो, बेंचवर जातो, मोठं बिल होतं, परत बसतो आणि गाडी होती तशीच राहते. बऱ्याचदा दोष एखाद्या फुगलेल्या होजमध्ये, अर्ध्याच उघडणाऱ्या लिव्हरमध्ये नाहीतर चिकटलेल्या ब्रेकमध्ये असतो. उलट प्रकारही तितकाच होतो. टायमिंग खरंच चार अंश मागे, म्हणजे उशिरा, आलेलं असतं, पण ते कोणी मोजलेलंच नसतं. नुसत्या आवाजावरून पंप पुढे-मागे फिरवलेला असतो. म्हणून खालचा सगळा क्रम एका तत्त्वावर आहे: आधी मोजायचं, मग सैल करायचं.

हा लेख मेकॅनिकल इनलाइन पंपाच्या गाड्यांसाठी आहे. टाटाचे ४९७ आणि ६९७ इंजिनांचे जुने ट्रक आणि त्याच पिढीतल्या इतर डायरेक्ट इंजेक्शन गाड्या यात येतात. या इंजिनांचं नावच त्यांची ओळख सांगतं: पहिला आकडा सिलेंडरांचा, पुढचे दोन बोअरचे. म्हणजे ६९७ हे सहा सिलेंडरचं, ९७ मिमी बोअरचं आणि ४९७ हे चार सिलेंडरचं, त्याच बोअरचं. कॉमन रेलच्या (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाडीला यातलं हवा, एक्झॉस्ट आणि ब्रेकचं तेवढं लागू पडेल. टायमिंगचा भाग तिच्यासाठी नाही, आणि कॉमन रेलच्या पाइपचा नट चालू इंजिनावर कधीही सैल करू नका.

टॅपेटचं अंतर (रॉकर आणि वॉल्व्हमधली फट), टायमिंगचे अंश, नोझलचं प्रेशर हे आकडे तुमच्या इंजिनाच्या पट्टीवरून, पंपावरच्या प्लेटवरून किंवा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एकाच नावाच्या इंजिनात साधं आणि टर्बो यांचे आकडे वेगळे असतात. शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावणं हे चुकीच्या टायमिंगचं मोठं कारण आहे.

पाना उचलण्याआधी ड्रायव्हरला विचारा

ताकद एकदम गेली की हळूहळू? एकदम गेली असेल तर काहीतरी तुटलंय, निसटलंय, तुंबलंय किंवा हवा घेतंय. महिनोन्‌महिने कमी होत आली असेल तर झीज धरा: नोझल, रिंगा, पंपाची एलिमेंट (प्रत्येक सिलेंडरला डिझेल दाबून देणारी पंपातली प्लंजर-बॅरलची जोडी).

शेवटचं काम कोणतं झालं? दोष त्या कामाच्या दुसऱ्या दिवसापासून असेल तर तिथूनच सुरुवात करा. पंप काढून बसवला होता तर टायमिंग. हेडचं काम झालं होतं तर टॅपेट आणि नोझलखालचे तांब्याचे वॉशर. टाकी धुतली किंवा फिल्टर बदलला होता तर डिझेलच्या लाइनीत हवा.

फक्त जास्त आरपीएमला आणि लोडवरच दम टाकते, खाली ठीक चालते? मग डिझेल किंवा हवा कमी पडतेय. आयडलपासून वरपर्यंत सगळीकडेच मेलेली वाटते? मग टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा एखादा बंद सिलेंडर. सकाळी छान ओढते आणि तासाभरानं गरम झाली की मंदावते? मग पंपाची एलिमेंट झिजली असतील किंवा डिझेल भेसळीचं असेल. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या एलिमेंटमधून मागे गळतं. केरोसीन मिसळलेलं असेल तर आणखी लवकर.

दोष इंजिनात आहे की गाडीत

या तपासणीला अर्धा तास लागतो आणि ती सगळ्यात जास्त वगळली जाते.

ब्रेक आधी बघा. सपाट रस्त्यावर शक्य तितके कमी ब्रेक मारत दहा किलोमीटर गाडी चालवा, थांबवा आणि प्रत्येक ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाका. बाकीच्या ड्रमवर थेंब नुसता ओघळला आणि एकावर चुर्र करून उडाला, तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय. ड्रमला हात लावू नका, कातडी चिकटेल. मग ते चाक जॅकवर घेऊन हातानं फिरवा आणि ॲडजस्टर, ब्रेकचा कॅम, परत ओढणारी स्प्रिंग तपासा.

क्लच चढावर ओळखू येतो. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज वर जातो पण गाडीचा वेग तिथेच राहतो, थोड्या वेळानं जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरतेय. अशा गाडीचं इंजिन कितीही दुरुस्त केलं तरी उपयोग नाही.

मग ॲक्सिलरेटरची लिंक. एकानं केबिनमध्ये पॅडल तळाला दाबून धरायचं, दुसऱ्यानं पंपाशेजारी बसून पंपाचा लिव्हर त्याच्या शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते बघायचं. जुन्या गाडीत बॉल-जॉइंट झिजतात, केबिनची रबरं बसतात, पॅडलखाली जाड मॅट टाकलेली असते आणि लिव्हर ५ ते ८ मिमी अलीकडेच थांबतो. तेवढ्यानंच वरची ताकद जाते. त्याच वेळी इंजिन बंद करायची केबल पूर्ण परत येते का तेही बघा. स्टॉप लिव्हर अर्धवट ओढलेला राहिला तर रॅक (डिझेलचं माप कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) पूर्ण उघडतच नाही. लिव्हर टेकत नसेल तर लिंक ॲडजस्ट करा, पंपावरच्या स्क्रूंना हात लावू नका. त्यांच्यावरचं सील तोडून डिझेल वाढवलं तर दोष झाकला जातो, धूर वाढतो आणि पिस्टन तापतात.

शेवटी गाडी उभी असताना, इंजिन गरम असताना पूर्ण रेस द्या आणि आरपीएम मोजा. लोड नसताना मिळणारा आकडा रेटेड आरपीएमपेक्षा साधारण आठ-दहा टक्के वर असायला हवा. तितका मिळत नसेल तर लिंक, गव्हर्नर (आरपीएम आवरणारा पंपाचा भाग) किंवा डिझेलचा पुरवठा यांतच दोष आहे.

धूर काय सांगतो

लोडवर काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण ते जळायला हवा कमी पडतेय किंवा नीट फुटत नाही. एअर फिल्टर, टर्बो, नोझल, मागे आलेलं टायमिंग, या क्रमानं बघा.

ताकद नाही आणि धूरही नाही, ही फार मोलाची खूण आहे. इंजिनाला डिझेलच पोचत नाही असा याचा अर्थ. अशा गाडीचं टायमिंग किंवा नोझल उघडण्यात वेळ घालवू नका, थेट टाकीकडे जा.

डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. थंड इंजिनावर थोडा येऊन गेला तर ठीक. गरम झाल्यावरही राहिला तर टायमिंग मागे आहे, एखाद्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन कमी आहे किंवा नोझल गळतोय. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघा. आणि एक साधी गोष्ट: 'गाडी तापते' म्हणून कोणी थर्मोस्टॅट काढून टाकलाय का? थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन थंडच चालतं, डिझेल पूर्ण जळत नाही, पिकअप मरतो आणि स्लीव्ह लवकर झिजतात.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा, वॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचं सील. तेलाचा एअर फिल्टर असेल तर त्यात खुणेच्या वर तेल भरलंय का ते आधी बघा, जास्तीचं तेल इंजिन ओढून घेतं.

हवा आत, धूर बाहेर

कागदी फिल्टर डोळ्यांनी बघून चांगला-वाईट ठरवता येत नाही. एक मीटर पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पट्टीवर बांधा, अर्धी पाण्यानं भरा. एक टोक फिल्टर आणि मॅनिफोल्डच्या मधल्या पाइपच्या भोकाला जोडा, दुसरं मोकळं ठेवा. साध्या, बिनटर्बो इंजिनाला पूर्ण रेस देऊन दोन्ही बाजूंच्या पाण्यातलं अंतर मोजा. ५०० मिमीच्या आसपास गेलं तर फिल्टर बदला. टर्बो गाडीत मर्यादा साधारण ६३५ मिमी धरतात, पण ते मोजमाप लोडवर घ्यावं लागतं. उभ्या गाडीत टर्बो पुरेशी हवा ओढतच नाही.

फिल्टर नवा असूनही अंतर जास्त असेल तर रबरी होज बघा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या जुन्या होजचं आतलं अस्तर सुटतं आणि पूर्ण रेसला आतल्या आत मिटतं. तेलाच्या फिल्टरमध्ये तळाला बोटाच्या पेराएवढा गाळ साचला की तेल बदला आणि जाळी डिझेलमध्ये धुऊन, पूर्ण निथळवून बसवा.

एक्झॉस्टच्या बाजूला सगळ्यात मोठा चोर म्हणजे एक्झॉस्ट ब्रेकची फुलपाखरी झडप. ती काजळीनं अर्धवट बंद राहिली तर इंजिनाचा श्वास कोंडतो. रॉड काढून शाफ्ट हातानं फिरवून बघा, पूर्ण उघड्या टोकाला जातो का. सायलेन्सरवर संशय असेल तर त्याच्या आधीचा फ्लँज सैल करून थोडं चालवून बघा, फरक लगेच कळतो.

डिझेलची वाट: टाकीपासून पंपापर्यंत

इथे सगळ्यात जास्त दोष सापडतात, म्हणून इथे घाई नको.

पहिली चाचणी फुकटची आहे. चढावर दम टाकू लागली की गाडी बाजूला घेऊन टाकीचं झाकण उघडा. आत हवा खेचल्याचा 'फुस्स' आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) डिझेल ओढता येत नाही.

दुसरी चाचणी कॅनची. स्वच्छ दहा लिटरच्या कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, कॅन फीड पंपाच्या उंचीच्या जवळपास पक्का बांधा, टाकीकडून येणारी नळी फीड पंपावरून काढून तिच्या जागी दुसरी स्वच्छ नळी लावून ती कॅनमध्ये सोडा, परतीची नळीही त्यातच. हवा काढा आणि गाडी त्याच चढावर न्या. ओढली, तर दोष टाकी, टाकीतली जाळी किंवा टाकीपासून येणाऱ्या नळीत. नाही ओढली, तर तो सगळा भाग निर्दोष आणि पुढचा तपास फीड पंपापासून. एका फेरीत अर्धी गाडी संशयातून सुटते.

तिसरी, हवेची चाचणी. फीड पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला आणि पंपाच्या ओव्हरफ्लोला (जादा डिझेल टाकीकडे परत जाण्याचं तोंड) दीड-दोन वीत पारदर्शक नळी जोडा. आयडलला आणि रेसला बघा. सलग धार हवी. मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे येत असतील तर लाइन हवा घेतेय. लक्षात ठेवा, ओढणाऱ्या बाजूच्या गळतीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे जोड कोरडा दिसतो म्हणून तो चांगला, असं समजू नका. बांजो बोल्टखालचे वॉशर, नळीचे क्लिप, फीड पंपाच्या वाटीचं पॅकिंग आणि हँड प्रायमरचा दांडा, या क्रमानं बघा. प्रत्येक जोडावर थोडं डिझेल ओतून बुडबुडे थांबतात का ते बघितलं की जागा सापडते.

चौथी, प्रेशर. फिल्टरच्या नंतर, पंपाच्या तोंडाशी गेज लावा. अशा इनलाइन पंपाच्या गॅलरीत (एलिमेंटभोवतीची डिझेलची जागा) साधारण १ ते १.५ बार हवं. आयडलला ठीक आणि रेसला खाली पडत असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा फीड पंप थकलाय. फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे मोजलं की कोण दोषी ते कळतं. दोन्हीकडे कमीच असेल तर ओव्हरफ्लो वॉल्व्ह तपासा. त्याची स्प्रिंग मऊ झाली किंवा कोणी त्याच्या जागी साधा पोकळ बोल्ट लावला तर डिझेल बिनविरोध टाकीत परत जातं आणि गॅलरीत प्रेशर टिकत नाही. हा साधा बोल्टाचा प्रकार आजही खूप गाड्यांत दिसतो.

फीड पंपाच्या जाळीची वाटी उघडून धुवा. काळा चिकट गाळ निघाला तर टाकी खाली करून धुतल्याशिवाय नवे फिल्टर घालू नका, आठवड्यात पुन्हा तुंबतील.

कोणता सिलेंडर काम करत नाही

इंजिन गरम, आयडलला. एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा आणि आवाज ऐका. चांगला सिलेंडर बंद केला की इंजिन लगेच अडखळतं. नट सैल करूनही आवाजात फरक पडला नाही, तर तोच सिलेंडर आळशी. डोळ्याला चष्मा, नटावर कापड आणि बोटं लांब. प्रेशरनं उडणारं डिझेल कातडीतून आत जातं. तसं झालं तर दिसायला बारीक टोचलेलं असलं तरी ताबडतोब दवाखान्यात जावं लागतं.

आळशी सिलेंडरचा नोझल आणि चांगल्याचा नोझल अदलाबदल करा. दोष नोझलबरोबर दुसऱ्या सिलेंडरला गेला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर टॅपेट, कॉम्प्रेशन किंवा पंपाचं ते एलिमेंट. नोझल काढताना तांब्याचा वॉशर त्याच्याबरोबर बाहेर आला का ते टॉर्चनं बघा. जुना वॉशर आत राहून त्यावर नवा बसला की दोन वॉशर होतात, नोझलचं टोक वर उचललं जातं, फवारा पिस्टनच्या वाटीत न पडता काठावर पडतो आणि गाडी कायमचा काळा धूर टाकते.

टॅपेट थंड इंजिनावर करायचे की गरम, हे मॅन्युअलमध्ये बघा. सहा सिलेंडरची फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. जोड्या १-६, ५-२, ३-४. सहाव्याचे दोन्ही वॉल्व्ह रॉकिंगला आले, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचे टॅपेट करा. इंजिन १२० अंश पुढे फिरवा, दुसरा रॉकिंगला येईल, पाचव्याचे करा. मग चौथा रॉकिंगला, तिसऱ्याचे. असंच पुढे. चार सिलेंडरला ऑर्डर १-३-४-२, जोड्या १-४ आणि ३-२, फिरवायचं १८० अंश. टॅपेट करताना रॉकर उचलण्याचं अंतर सगळ्यांचं सारखं आहे का हेही बघा. एखादा वॉल्व्ह इतरांपेक्षा कमी उघडत असेल तर कॅमची ती लोब घासली आहे. तिथे फिलर गेज कितीही बरोबर लावलं तरी उपयोग नाही.

कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, सगळे नोझल काढून, डिझेल बंद ठेवून, भरलेल्या बॅटरीवर घ्या. १७:१ च्या आसपासच्या कॉम्प्रेशन रेशोला तंदुरुस्त इंजिन २५ ते ३० बार देतं. २० च्या खाली आलेल्या सिलेंडरचं काम काढावं लागतं. एकमेकांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको. शेजारचे दोन सिलेंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्यामध्ये हेड गॅस्केट फुंकलं आहे. ऑइलचं झाकण काढल्यावर ठोक्यागणिक धूर फेकला जात असेल, ज्याला आपण बॅक कॉम्प्रेशन म्हणतो, तर रिंगा-स्लीव्ह गेल्या. अशा इंजिनाचं टायमिंग पुढे करून ताकद येत नाही, फक्त ठोका वाढतो.

आता टायमिंग

इथवर सगळं तपासून झालं असेल तरच.

मागे आलेल्या टायमिंगच्या खुणा: सकाळी उशिरा स्टार्ट, पांढरा धूर, मऊ आवाज, मेलेला पिकअप, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जास्त तापणं, चढावर काळा धूर आणि पाण्याचा काटा वर. पुढे गेलेल्याच्या: घणासारखा कोरडा ठोका, स्टार्टरला उलटा झटका, आयडल खडबडीत. पुढचं टायमिंग ड्रायव्हरला काही दिवस 'गाडी हलकी झाली' असं वाटवतं, म्हणून ते जास्त धोक्याचं. सिलेंडरमधलं प्रेशर पिस्टन वर पोचायच्या आधीच चढतं आणि त्याचा मार हेड गॅस्केट, रिंगा आणि बेअरिंगवर बसतो.

टायमिंग आपोआप का बदलतं? पंपाच्या फ्लँजचे बोल्ट ढिले होतात. कपलिंगची भोकं लांबट होतात. गिअरची चावी कापली जाते. ॲडव्हान्स युनिट असेल तर त्याच्या स्प्रिंगा थकतात. पंपातल्या रोलर-टॅपेटची झीज इंजेक्शन उशिरा करते. आणि सगळ्यात मोठी चूक, गिअर एक दात चुकवून बसवणं. समजा पंपाच्या गिअरला ५० दात आहेत. एक दात म्हणजे पंपाचे ७.२ अंश. पंप क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून क्रँकवर ते १४.४ अंश होतात. एवढी चूक फ्लँजच्या खाचांमध्ये भरून निघत नाही. खाच शेवटापर्यंत गेली तरी आकडा येत नसेल तर दातच चुकलाय असं समजा.

पहिलं काम, खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा. मर्सिडीज-बेंझच्या घराण्यातल्या इंजिनांवर ही खूण 'ओटी' या जर्मन आद्याक्षरांनी असते. टाटाचा डाइमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ होता, त्यामुळे जुन्या गाड्यांवर ही अक्षरं दिसली तर गोंधळू नका. रबर असलेल्या डॅम्पर पुलीवरच्या खुणेवर मात्र डोळे झाकून विश्वास नको, रबर सरकलं की बाहेरची कडा खुणेसकट फिरते. शंका असेल तर पहिल्या सिलेंडरचा पिस्टन वर आणा, त्याच्या एका वॉल्व्हची स्प्रिंग काढा, दांड्यावर घट्ट रबर रिंग चढवा म्हणजे तो आत पडणार नाही, वॉल्व्ह पिस्टनवर टेकू द्या आणि दांड्यावर डायल गेज लावा. इंजिन एका बाजूला १ मिमी उतरेपर्यंत फिरवून पुलीवर खूण करा, दुसऱ्या बाजूलाही १ मिमी उतरवून खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य हा खरा टीडीसी.

पुलीवर अंश कोरलेले नसतील तर ते काढता येतात. पुलीच्या कडेभोवती टेप गुंडाळून घेर मोजा आणि ३६० नं भागा. २०० मिमी व्यासाच्या पुलीचा घेर ६२८ मिमी, म्हणजे एक अंश १.७४ मिमी. २० अंश हवे असतील तर टीडीसीच्या खुणेपासून ३४.९ मिमी. कागदी पट्टीवर खुणा करून ती पुलीवर चिकटवा.

मग ठिबक पद्धत:

१. पहिला सिलेंडर कॉम्प्रेशनवर आणा. सहा सिलेंडरमध्ये सहाव्याचे वॉल्व्ह रॉकिंगला, चार सिलेंडरमध्ये चौथ्याचे. ही खात्री केली नाही तर पूर्ण एक फेरा चुकेल.

२. पंप आणि पाइप बाहेरून ब्रश व डिझेलनं धुवा. पहिल्या एलिमेंटचा पाइप काढा. डिलिव्हरी वॉल्व्हचा होल्डर खोलून फक्त स्प्रिंग आणि वॉल्व्हची पिन बाहेर काढा, सीट आतच राहू द्या. पिन स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा. ती तिच्याच सीटची जोडीदार असते, दुसऱ्या एलिमेंटची चालत नाही.

३. होल्डर परत लावून त्यावर बगळ्याच्या मानेसारखा वाकवलेला बारीक पाइप बसवा. खाली बाटली.

४. स्टॉप लिव्हर चालू स्थितीत, ॲक्सिलरेटर पूर्ण. स्टार्टिंगचं जादा डिझेल देणारी कळ असेल तर ती सोडलेली हवी, नाहीतर काही पंपांत आकडाच बदलतो.

५. इंजिन टीडीसीच्या साधारण ५० अंश अलीकडे न्या. हँड प्रायमर सतत एकसारखा मारा. वाकड्या पाइपमधून धार येईल.

६. आता इंजिन चालण्याच्या दिशेनं, लांब पान्यानं, अगदी सावकाश पुढे आणा. धार बारीक होईल, मग तुटेल, मग थेंब. मिनिटाला १५ ते २० थेंबांवर आलं की थांबा. एलिमेंटनं भोक बंद केलेला हा क्षण. पुलीवर किंवा फ्लायव्हीलवर अंश वाचा.

७. पुढे गेलात तर तिथूनच मागे ओढू नका. पाव फेरा मागे जाऊन परत त्याच दिशेनं या, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा मोजमापात शिरतो. तीनदा मोजा. तीन वेळा मिळून एका अंशापेक्षा जास्त फरक येत असेल तर आधी कपलिंग आणि गिअरचा ढिलेपणा शोधा.

आकडा पट्टीशी जुळला तर पंपाला हात न लावता सगळं परत बसवा. टायमिंग निर्दोष आहे.

नसेल जुळत, तर फ्लँजवर सध्याच्या जागी छिन्नीनं बारीक रेघ मारून घ्या, म्हणजे परतीची वाट राहील. सगळ्या नोझल पाइपचे पंपाकडचे नट सैल करा. ताणलेल्या पाइपांसकट पंप फिरवला तर काही दिवसांनी पाइप मुळाशी तडकतो. पंपाचा शाफ्ट कोणत्या दिशेनं फिरतो ते इंजिन हातानं फिरवून डोळ्यांनी बघा. पंपाची बॉडी शाफ्टच्या उलट दिशेनं फिरवली की टायमिंग पुढे, त्याच दिशेनं फिरवली की मागे. किती? क्रँकवर ४ अंश हवे असतील तर पंप २ अंश. शाफ्टच्या मध्यापासून ६० मिमी अंतरावर २ अंश म्हणजे जेमतेम २ मिमी. एवढीशी हालचाल असते ती, आणि अंदाजानं 'थोडा फिरवला' की सहज दुप्पट होते. बोल्ट आवळून पुन्हा ठिबक मोजा. आवळताना पंप किंचित सरकतोच.

शेवटी पिन आणि स्प्रिंग परत घाला आणि होल्डर टॉर्क पान्यानंच, मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. जास्त आवळला तर एलिमेंटचं बॅरल दबतं आणि रॅक अडकतो. अडकलेल्या रॅकमुळे इंजिन बेलगाम पळू शकतं, म्हणून स्टार्ट करण्याआधी रॅक मोकळा सरकतो का ते बघा आणि पहिल्या स्टार्टला एकाचा हात स्टॉप लिव्हरवर ठेवा.

नोझल आणि पंपाचं काम कधी

नोझल टेस्टरवर तीन गोष्टी बघा. उघडण्याचं प्रेशर ठरलेल्या आकड्याला आणि सगळ्यांचं सारखं. त्या प्रेशरच्या २० बार खाली धरून १० सेकंद टोकाला थेंब जमत नाही. आणि प्रत्येक भोकातून सारखा, धुक्यासारखा फवारा. एकच भोक बुजलेलं असेल तरी तो नोझल बाद.

पंप बेंचवर न्यायचा तो कधी? पुरवठा, कॉम्प्रेशन, नोझल, टायमिंग सगळं बरोबर असूनही ताकद नसेल, किंवा गरम झाल्यावरच मंदावत असेल तर. दुसऱ्या प्रकारात एक खात्री करता येते: गरम होऊन मंदावल्यावर पंपावर ओलं कापड गुंडाळा. थोड्या वेळानं ओढ सुधारली तर एलिमेंट झिजलेत. गरम पंपावर गार पाणी मात्र ओतू नका, एलिमेंट तिथेच जाम होतात. बेंचवर फक्त डिझेलचं माप नको, फेजिंगही मागा. सहा सिलेंडरच्या पंपात प्रत्येक एलिमेंट ६० अंशांच्या अंतरानं, अर्ध्या अंशाच्या फरकात यायला हवं. तुम्ही ठिबक पद्धतीनं फक्त पहिलं एलिमेंट मोजलेलं असतं, बाकी पाचांची हमी फेजिंगच देतं.

टर्बो गाडीत आणखी दोन जागा: टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचा पाइप, जिथे साबणाच्या पाण्यानं गळती दिसते, आणि पंपावरच्या बूस्ट डायफ्रॅमला (टर्बोच्या हवेच्या दाबानुसार डिझेल वाढवणारा पडदा) जाणारी बारीक नळी. ती नळी फुटली किंवा डायफ्रॅम फाटला तर पंपाला बूस्ट आल्याचं कळतच नाही, तो डिझेल वाढवत नाही आणि गाडी धूर न टाकता मंद चालते. रेग्युलेटर लावून ०.७ बारपर्यंत हवा द्या. दांडा हलला पाहिजे आणि गेजचा काटा टिकला पाहिजे.

काम झाल्यावर गाडी तेवढाच माल भरून त्याच चढावर न्या, रिकाम्या गाडीच्या ओढीवर जाऊ नका. कोणता गिअर, किती आरपीएम, पाण्याचा काटा कुठे, धूर कसा, हे लिहून ठेवा. त्याच वहीत टायमिंगचे मोजलेले अंश, गॅलरीचं प्रेशर आणि सगळ्या सिलेंडरांचं कॉम्प्रेशन तारखेसह लिहा. फ्लँजवरची जुनी छिन्नीची रेघ रंगानं खोडा आणि नव्या जागी पिवळ्या रंगाची एकच रेघ ओढा, म्हणजे पुढच्या वेळी बोल्ट ढिले होऊन पंप सरकला तर बॉनेट उघडताच दिसेल.